मुलांसोबत अ‍ॅप घडवताना कोणते निर्णय खुले ठेवावेत?

तुमची संस्था सात ते अकरा वर्षांच्या मुलांसाठी मराठी वाचनाचे अ‍ॅप तयार करत आहे आणि तुमचे दोन प्रश्न आहेत. मुलांना अगदी सुरुवातीपासून रचनेत घ्यावे, की अ‍ॅप बरेचसे झाल्यावर त्यांच्याकडून तपासून घेतले तरी चालेल? आणि सुरुवातीपासून घेतलेच, तर 'गेम टाका, कार्टून टाका' यापलीकडे ती काही सांगतील का? या दोन्हींच्या आधी एक काम करावे लागते. मुले पहिल्यांदा येतील त्या दिवशी आराखड्यातले कोणते निर्णय अजून झालेले नसतील, ते कागदावर लिहून काढा. त्या कागदावर बटणांचे रंग आणि पडद्यावर दिसणाऱ्या पोपटाचे नाव एवढेच उरत असेल, तर तुम्हाला परीक्षक हवे आहेत. त्यात कमीपणा काहीच नाही. नीट केलेली तपासणी अ‍ॅपचे पुष्कळ भले करते, फक्त तिला 'मुलांनी घडवलेले अ‍ॅप' असे नाव देऊ नये. गोष्टी कशा शोधायच्या, वाचताना चूक झाली तर काय व्हावे, एकट्याने वाचायचे की दोघांनी मिळून, पालकांना प्रगती दाखवायची की नाही, असे प्रश्न खरोखर खुले असतील, तर मात्र मुलांना आताच बोलवावे.

या क्षेत्रात आपण सगळेच ज्या वर्गीकरणाचा आधार घेतो, ते अमेरिकेतील मेरीलँड विद्यापीठात काम करणाऱ्या अ‍ॅलिसन ड्रुइन यांनी 2002 मध्ये मांडले. तंत्रज्ञानाच्या रचनेत मूल चार भूमिकांत येऊ शकते: वापरकर्ता, परीक्षक, माहितगार आणि रचनेतील भागीदार. वापरकर्ता असलेल्या मुलाकडे तयार वस्तू असते आणि मोठी माणसे त्याचे निरीक्षण करतात. परीक्षकाला कच्चा नमुना मिळतो. माहितगाराला रचनेच्या वेगवेगळ्या टप्प्यांवर, मोठ्यांना गरज वाटेल तेव्हा विचारले जाते. ही कल्पना ब्रिटनमध्ये माइक स्केफ आणि इव्हॉन रॉजर्स यांनी 1997 मध्ये मांडली होती. भागीदार मात्र पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत संघात असतो आणि त्याचे म्हणणे मोठ्यांच्या म्हणण्याइतकेच मोजले जाते. या सगळ्याचे मूळ मुलांमध्ये नाही, कामगार चळवळीत आहे. 1970 च्या दशकात नॉर्वेतील धातुकामगारांच्या संघटनेने असा आग्रह धरला की, कारखान्यात येणाऱ्या संगणकप्रणालीबद्दल ती वापरणाऱ्या कामगारांचे म्हणणे विचारात घेतले पाहिजे, आणि संगणकशास्त्रज्ञ क्रिस्टेन न्यूगोर यांनी त्यांच्यासोबत काम केले. ज्याच्यावर परिणाम होणार त्याला निर्णयात जागा हवी, हे तत्त्व पुढे मुलांपर्यंत आले, आणि संयुक्त राष्ट्रांच्या 1989 च्या बालहक्क करारातील, मुलांशी संबंधित बाबींत त्यांचे म्हणणे ऐकले जावे असे सांगणाऱ्या बाराव्या कलमाने त्याला वेगळा आधार दिला. भारताने तो करार 1992 मध्ये स्वीकारला. डिजिटल जगातील बालहक्कांविषयी संयुक्त राष्ट्रांच्या समितीने 2021 मध्ये जे भाष्य प्रसिद्ध केले, त्यासाठी निरनिराळ्या देशांतील 700 हून अधिक मुलामुलींचे म्हणणे ऐकले गेले होते.

भागीदारीची किंमत आधी सांगून टाकतो. मेरीलँडचा 'किड्सटीम' हा गट 1998 पासून चालला, त्यात साधारण सात ते अकरा वर्षांची मुले शाळा सुटल्यावर आठवड्यातून दोनदा येत आणि उन्हाळ्यात सलग दोन आठवडे काम करत. मोठी माणसे आणि मुले यांना एकमेकांशी बरोबरीने बोलायची सवय लागायला सहा महिन्यांपर्यंत वेळ लागू शकतो, असे ड्रुइन यांनीच लिहून ठेवले आहे. तुमच्याकडे एका वर्षाचा निधी आहे. तेव्हा माझा सल्ला असा की, आठ-दहा मुलांचा एक गट वर्षभर टिकवावा आणि त्याच्या जोडीला इतर शाळांतील मुलांना माहितगार म्हणून ठरावीक टप्प्यांवर भेटावे. शंभर मुलांची एकदिवसीय कार्यशाळा छायाचित्रांसाठी छान होते. रचनेला तिचा उपयोग जवळजवळ शून्य.

भागीदारीतून काय मिळते, याचे उत्तम उदाहरण याच गटाच्या मदतीने उभ्या राहिलेल्या आणि 2002 च्या नोव्हेंबरमध्ये खुल्या झालेल्या आंतरराष्ट्रीय बाल-डिजिटल-ग्रंथालयाचे आहे. ग्रंथपालांच्या पद्धतीने पुस्तक शोधायचे तर लेखक, विषय आणि शीर्षक लागते. मुलांना यांपैकी बहुतेक गोष्टी आठवत नाहीत किंवा नीट टंकता येत नाहीत. त्यांना पुस्तकाच्या मुखपृष्ठाचा रंग आठवतो, गोष्टीतली पात्रे माणसे होती की प्राणी ते आठवते, पुस्तक जाड होते की बारीक ते आठवते, आणि वाचून कसे वाटले ते आठवते. म्हणून त्या ग्रंथालयात मुखपृष्ठाच्या रंगावरून, पुस्तकाच्या लांबीवरून, पात्रांच्या प्रकारावरून पुस्तक शोधायची सोय झाली. हा बदल पृष्ठभागावरचा नव्हता, कारण त्यासाठी प्रत्येक पुस्तकाची नोंद निराळ्या पद्धतीने करावी लागते, म्हणजे माहितीचा मूळ साचाच बदलावा लागतो. अ‍ॅप पूर्ण झाल्यावर एखाद्या मुलीने 'मला लाल पुस्तक हवे' असे सांगितले असते, तर प्रोग्रामरने हसून मान डोलावली असती आणि पुढच्या आवृत्तीचे आश्वासन दिले असते. 'सुरुवातीपासून का' या तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर माझ्या मते इथेच आहे.

वरवरच्या सहभागाची ओळख पटवण्यासाठी रॉजर हार्ट यांनी युनिसेफसाठी 1992 मध्ये मांडलेली आठ पायऱ्यांची शिडी अजूनही उपयोगी पडते. तिच्या खालच्या तीन पायऱ्या, म्हणजे मुलांना हवे तसे वापरून घेणे, त्यांना शोभेसाठी उभे करणे आणि नावापुरते विचारणे, यांना हार्ट सहभागच मानत नाहीत. पंधरा ऑगस्टला गुरुजींनी लिहून दिलेले भाषण घडाघडा म्हणणारे मूल जितके बोलते, तितकाच हा सहभाग असतो. आपल्याकडे आणखी एक गोंधळ होतो: मुलांच्या हाती यंत्र देणे आणि यंत्राच्या घडणीत मुलांना घेणे या दोन गोष्टी एकच समजल्या जातात. 1999 मध्ये दिल्लीच्या कालकाजीत भिंतीत बसवलेला संगणक असो किंवा 2007 मध्ये कर्जत तालुक्यातील खैराटच्या शाळेत आलेले छोटे लॅपटॉप असोत, त्यांतून मुले काय आणि कशी शिकतात याबद्दल पुष्कळ चर्चा झाली, आणि ती व्हायलाही हवी. पण त्या गावातल्या किंवा वस्तीतल्या मुलांपर्यंत वस्तू पोहोचली तेव्हा तिची घडण होऊन गेलेली होती.

आता 'गेम टाका' या उत्तराकडे वळू. मुले तसे म्हणतात हे खरेच आहे, आणि पहिल्या दोन भेटींत तर बहुधा तेवढेच म्हणतात. त्यांनी जे पाहिले आहे त्यातलेच ती मागतात. मोठ्यांच्या सर्वेक्षणातही याहून वेगळे काही होत नाही. अनुभवी माणसाचे काम इथून सुरू होते. मुलाने सुचवलेली वस्तू बाजूला ठेवून तिच्यामागचे कारण उचलायचे असते, आणि ते कारण 'का?' असे विचारून सहसा मिळत नाही, कारण शाळेत 'का?' हा प्रश्न उत्तर चुकल्यावरच विचारला जातो. 'मग पुढे काय होईल?', 'हे तुझ्या घरी कुठे बसून करशील?', 'तेव्हा शेजारी कोण असेल?' असे प्रश्न जास्त बोलते करतात. वाचनाच्या एका प्रकल्पात मुलांनी चूक दाखवणारा आवाज काढून टाका असा हट्ट धरला होता. आम्हाला वाटले, त्यांना चूक दाखवलेलीच नको आहे. घरी कुठे बसता, कोण असते, असे विचारत गेल्यावर कळले की, फोन एकाच खोलीत सगळ्यांसमोर वापरला जातो आणि तो 'टँव' आवाज आजी, काका, धाकटा भाऊ सगळ्यांना ऐकू जातो. चूक कळायला त्यांची हरकत नव्हती, ती जाहीर व्हायला होती. त्याच मुलांनी सांगितले की, बाबांचा फोन वाजला की गोष्ट निघून जाते आणि पुन्हा पहिल्या पानापासून सुरू करावी लागते. अर्धवट राहिलेल्या वाक्यापासून पुढे वाचता यावे ही साधी गरज आमच्या कोणाच्याही यादीत नव्हती, कारण आमच्यापैकी प्रत्येकाचा फोन स्वतःचा होता. ग्रामीण भारतात 14 ते 16 वयोगटातील जवळपास 90 टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन असल्याचे 'असर' या शिक्षणविषयक पाहणीच्या 2024 च्या अहवालात दिसते, मात्र स्वतःचा फोन असणाऱ्यांचे प्रमाण त्याहून पुष्कळ कमी आहे आणि मुलींच्या बाबतीत आणखी कमी. तुमची मुले तर याहून लहान आहेत. गटात मुली निम्म्या हव्यात, याचे हेही एक कारण.

कोऱ्या कागदापुढे बसून 'मनात येईल ते सांगा' हे आपल्याकडच्या वर्गात फारसे चालत नाही, कारण उत्तर एकच असते आणि ते बाईंना माहीत असते, अशी मुलांची रास्त समजूत झालेली असते. बीजिंगमधील संशोधकांपुढे हीच अडचण आली होती. 2007 च्या सुमारास त्यांनी मुलांना ओळखीच्या पात्रांची अर्धवट चित्रकथा देऊन तिच्या रिकाम्या चौकटी भरायला सांगण्याची पद्धत काढली. मूल सांगेल तसे चित्र एक चित्रकार काढत जाई. ही पद्धत महाराष्ट्रातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मला सर्वांत भरवशाची वाटते. पहिल्या चौकटीत मुलगी फोन हातात घेते, शेवटच्या चौकटीत ती हसत धाकट्या भावाला गोष्ट वाचून दाखवते, मधल्या चार चौकटी रिकाम्या ठेवायच्या. मुलांना चित्र काढता येत नाही याची लाज वाटत नाही, आणि गोष्ट पूर्ण करायची असल्यामुळे 'बरोबर उत्तर' शोधण्याचा खेळही थांबतो.

भारतातील दोन कामे तुमच्या संघाने जरूर अभ्यासावीत. मॅथ्यू कॅम आणि सहकाऱ्यांनी ग्रामीण मुलांसाठी इंग्रजी शिकवणारे मोबाइल-खेळ तयार केले, तेव्हा पाश्चात्त्य व्हिडिओ गेमच्या साच्यावर बेतलेले खेळ मुलांना उमगेनात. मग त्यांनी गावात खेळल्या जाणाऱ्या 28 पारंपरिक खेळांचा अभ्यास केला, त्यांतले नियम, डाव, बाद होणे, संघ यांची रचना तपासली आणि नवे खेळ त्या पायावर उभे केले. हा अभ्यास 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. 'गेम टाका' असे मूल म्हणते तेव्हा 'कोणता?' हा प्रश्न विचारून थांबू नये, मधल्या सुट्टीत मैदानावर जाऊन लंगडी, आट्यापाट्या, सागरगोटे कसे खेळले जातात, बाद झालेल्याला परत कसे घेतात, लहानग्याला 'कच्चा लिंबू' म्हणून कशी सूट मिळते, हे पाहावे. दुसरे काम बंगळूरमधील मायक्रोसॉफ्ट रिसर्चचे. शाळांत एका संगणकाभोवती पाच-सहा मुले बसतात आणि माउस मात्र एकाच्याच, बहुधा दांडग्या मुलाच्या हातात असतो, असे त्या संशोधकांना दिसले. त्यांनी एकाच संगणकाला अनेक माउस जोडून प्रत्येक मुलाला वेगळ्या रंगाचा बाण दिला. ही गरज कोणत्याही मुलाने शब्दांत मांडली नव्हती, आणि विचारले असते तर माउस नसलेल्या मुलाने 'मज्जा येते' असेच सांगितले असते. तेव्हा मुलांना विचारणे जितके महत्त्वाचे, तितकेच गप्प बसून पाहणेही.

बैठक कशी घ्यावी याविषयी थोडे. मेरीलँडच्या गटात मुले मोठ्यांना पहिल्या नावाने हाक मारतात, हात वर करून परवानगी घेत नाहीत आणि सगळे जमिनीवर बसतात. आपल्याकडे मूल मोठ्या माणसाला नावाने हाक मारणार नाही आणि त्याला तसे सांगणे म्हणजे त्याला अवघडवणे. 'ताई' आणि 'दादा' पुरतात; 'सर' आणि 'मॅडम' मात्र पहिल्याच दिवशी मोडून काढावे. वर्गशिक्षकांना बैठकीत न बसण्याची नम्र विनंती करावी आणि त्यांच्याशी वेगळे, सविस्तर बोलावे, नाहीतर ते दुखावतात आणि पुढे काम अडवतात. दोन-तीन मुलांमागे एक मोठा माणूस असा छोटा गट करावा; चाळीस मुलांच्या वर्गाला 'आवडले का?' असे विचारले की 'होऽऽ' असे एकसुरी उत्तर येते आणि त्यातून काहीही कळत नाही. साहित्य कार्यानुभवाच्या तासाचे असावे: घोटीव कागद, पुठ्ठे, काड्यापेट्या, खडू, चिकटपट्टी. महागड्या पेनांच्या संचाला मुले हात लावायला कचरतात. भाषेकडे विशेष लक्ष द्यावे. मेळघाटातील कोरकू बोलणारे किंवा नंदुरबारमधील पावरी बोलणारे मूल प्रमाण मराठीत विचारलेल्या प्रश्नाला गप्प राहते, आणि ते गप्प राहणे आपण 'लाजाळू आहे' या सदरात टाकतो. मुलांच्या घरची भाषा बोलणारी एक ताई संघात असणे हा खर्च टाळू नये.

मते मोजण्याच्या बाबतीत सावध राहावे. ब्रिटनमधील जॅनेट रीड आणि सहकाऱ्यांनी पाच चेहऱ्यांची मोजपट्टी तयार केली आणि लहान मुले त्यात जवळजवळ नेहमी सर्वांत हसरा चेहरा निवडतात, हेही त्यांनीच नोंदवले. त्यामुळे दोन नमुने पुढे ठेवून कोणता घरी न्यायचा ते विचारावे, किंवा 'पुन्हा करायचे का?' असे विचारून खरोखर पुन्हा करू द्यावे आणि मूल कशाकडे परतते ते पाहावे. चिकटचिठ्ठ्यांचा उपयोगही चांगला होतो: आवडलेल्या, न आवडलेल्या आणि बदल सुचवणाऱ्या गोष्टी वेगवेगळ्या चिठ्ठ्यांवर लिहून फळ्यावर लावल्या की, एकाच जागी साचलेल्या चिठ्ठ्या तुमचा पुढचा आठवडा ठरवतात. ज्यांना लिहायला जड जाते त्यांच्यासाठी मोठ्यांनी जसेच्या तसे लिहून घ्यावे, शुद्ध करून नव्हे.

वेळापत्रक शाळेच्या आणि घराच्या ऋतुचक्राशी जुळले पाहिजे. बीड किंवा अहिल्यानगर जिल्ह्यात काम करणार असाल, तर ऊसतोडणीला जाणाऱ्या कुटुंबांची मुले दिवाळीच्या आगेमागे गाव सोडतात आणि उन्हाळ्यात परततात. जूनच्या मध्यात शाळा सुरू झाल्यापासून ऑक्टोबरपर्यंत काम उरकले नाही, तर ज्या मुलांना या अ‍ॅपची गरज सर्वाधिक आहे तीच गटातून गळतात आणि अहवालात त्याचा उल्लेखही राहत नाही.

संमतीबाबत मुख्याध्यापकांची सही पुरेशी नाही. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यानुसार 18 वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक आहे, तिची वैयक्तिक माहिती हाताळण्यासाठी पालकांची पडताळणी करता येईल अशी संमती लागते, आणि मुलांच्या वर्तनाचा माग ठेवणे व त्यांना लक्ष्य करणाऱ्या जाहिराती दाखवणे यांना तो कायदा मनाई करतो. त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत; शैक्षणिक संस्थांना मिळणाऱ्या मर्यादित सवलती तुम्हाला लागू होतात का, हे वकिलाकडून तपासून घ्यावे. पण कायद्याच्या पलीकडे मुलाची स्वतःची मान्यताही हवी, आणि ती प्रत्येक भेटीत नव्याने घ्यावी. जॅनेट रीड यांनी सुचवलेली एक कसोटी मला फार उपयोगी वाटते: आपण हा प्रकल्प का करत आहोत याचे खरे उत्तर आधी लिहायचे, मग मुलांना काय सांगणार ते लिहायचे, आणि दोन्हींतले अंतर पाहायचे. छायाचित्र, आवाज आणि नाव यांसाठी वेगवेगळी परवानगी असावी. श्रेय द्यायचे तर गटाला मुलांनीच ठेवलेल्या नावाने द्यावे. रोख रक्कम देऊ नये. खाऊ आणि घरी नेता येईल असे पुस्तक, आणि ते गटातल्या प्रत्येकाला सारखेच.

मुलांना यातून काय मिळावे, हाही रचनेचाच भाग आहे. डेन्मार्कमधील ओले इव्हर्सन, रेचल शार्लोट स्मिथ आणि क्रिस्टियन डिंडलर यांनी 2017 मध्ये ड्रुइन यांच्या भूमिकांच्या पुढे जाऊन मुलाला रचनेचा नायक मानण्याची सूचना केली. तंत्रज्ञान कोणीतरी निर्णय घेऊन घडवलेले असते, ते निर्णय वेगळेही असू शकले असते, हे मुलाला स्वतः करून कळावे, असे त्यांचे म्हणणे. अ‍ॅप फसले तरी हे मुलाकडे उरते. म्हणून मुलांना अ‍ॅपमागचे व्यवहारही दाखवावेत: सूचना का येतात, अ‍ॅप कशाची नोंद ठेवते, पैसे कोण देते. नऊ वर्षांच्या मुलांना हे समजत नाही असे म्हणणाऱ्यांनी त्यांना पत्ते खेळताना पाहिलेले नसावे.

शेवटी प्रस्तावात लिहायच्या दोन गोष्टी. पहिली, मुलांच्या प्रत्येक बैठकीला कोड लिहिणारा किमान एक प्रोग्रामर हजर असेल. केवळ संशोधकाच्या टिपणांतून मुलांचे म्हणणे त्याच्यापर्यंत पोहोचले की, अवघड वाटणाऱ्या सूचना वाटेतच गळतात. दुसरी, प्रत्येक टप्प्यानंतर मुलांकडे परत जाऊन त्यांच्या कोणत्या सूचना घेतल्या, कोणत्या घेतल्या नाहीत आणि का, हे सांगण्यासाठी वेगळे दिवस आणि प्रवासखर्च धरलेला असेल. निधी देणारी मंडळी पहिल्या अटीला सहज मान्यता देतात आणि दुसरीवर कात्री चालवतात. तशी वेळ आली तर शाळांची संख्या कमी करावी, परतीच्या भेटी ठेवाव्यात.